एलजीबीटी इतिहासाची दिनदर्शिका : जल्लोषासोबत लढ्याच्याही तारखा

एलजीबीटी (समलैंगिक, उभयलैंगिक आणि पारलिंगी म्हणजे ट्रान्सजेंडर) समुदायाच्या इतिहासावरील या दिनदर्शिकेची मोठी जमेची बाजू अशी की, ती केवळ विजयाच्या तारखा देत नाही. जूनच्या पानावर 1969 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारवरील पोलिसी छाप्याविरुद्ध झालेल्या उठावाला अर्थातच मानाचे स्थान आहे. परंतु मला खिळवून ठेवले ते मे महिन्याने. जर्मन डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांनी 1919 मध्ये बर्लिनला उभारलेली लैंगिकताविषयक संशोधनसंस्था नाझी समर्थक विद्यार्थ्यांनी 6 मे 1933 रोजी लुटली आणि चार दिवसांनी तेथील ग्रंथ जाळले, ही नोंद आणि 17 मे 1990 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळल्याची नोंद एकाच पानावर वाचताना, मिळालेले स्वातंत्र्य हिरावलेही जाऊ शकते याची तीव्र जाणीव होते. छपाई सुबक आहे.

एक उणीव मात्र गंभीर आहे. पारलिंगी व्यक्तींना येथे फारच थोडी जागा मिळाली असून, न्यूयॉर्कच्या कार्यकर्त्या सिल्व्हिया रिव्हेरा आणि मार्शा जॉन्सन यांनी 1970 मध्ये बेघर पारलिंगी तरुणांसाठी सुरू केलेले काम पूर्णपणे गाळले आहे, जे मला अन्यायकारक वाटते. नेदरलँड्सने 2001 मध्ये दिलेल्या विवाहहक्काचा गौरव करताना, अनेक देशांत समलिंगी संबंध आजही गुन्हा आहेत, हे मात्र संपादकांनी ठळकपणे नोंदवले आहे. शाळांनी आणि ग्रंथालयांनी ही दिनदर्शिका अवश्य घ्यावी.