विमानाच्या माइल्सची ‘दुप्पट’ आणि माझी फसवणूक

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत माझी डाळ मिल आहे. डाळवाल्याने विमानाच्या माइल्सबद्दल, म्हणजे विमान कंपनी प्रवासाबद्दल सभासदाच्या खात्यात जमा करते आणि पुढे ज्यांवर तिकीट काढता येते त्या गुणांबद्दल, लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. परंतु आमच्या धंद्यातील तूर आणि उडीद आता केवळ विदर्भ-मराठवाड्यातून येत नाहीत. ब्रह्मदेशाची लेमन, टांझानियाची अरुषा, मोझांबिकची गजरी ही तुरीची नावे जळगावच्या बाजारातील हमालालाही पाठ आहेत. २०१६ साली भारताने मोझांबिकशी तूर आयातीचा करार केला आणि त्यानंतर माल पाहण्यासाठी, नमुने आणण्यासाठी व अडकलेले कंटेनर सोडवण्यासाठी माझ्या परदेशाच्या फेऱ्या वाढल्या. रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची आणि तेथून यांगून किंवा दार-एस-सलाम, असे वर्षातून तीन-चार वेळा होते. या फेऱ्यांतून साठलेले ९६,००० माइल्स आणि रोख ४२,००० रुपये मी आमच्याच भागातील एका तरुणाच्या हाती कसे घालवले, ते येथे लिहीत आहे. तक्रार दाखल असून तपास चालू आहे, म्हणून त्याचे नाव देत नाही. आणि माझी खाती ज्या विमान कंपन्यांकडे होती त्यांचीही नावे देत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता.

आधी माझी चूक सांगतो, कारण त्या तरुणाला शिरकाव मिळाला तो तिच्यातूनच. तिकीट जेथे स्वस्त मिळेल तेथे काढायचे आणि ज्या विमानात बसू त्याच कंपनीच्या योजनेचे सभासद व्हायचे, अशा सवयीने माझी तीन खाती झाली होती. वास्तविक याची काहीच गरज नव्हती. स्टार अलायन्स ही विमान कंपन्यांची संघटना १९९७ साली पाच कंपन्यांनी स्थापन केली. थाई एअरवेज त्या पहिल्या पाचांत होती, इथिओपियन एअरलाइन्स २०११ मध्ये आली आणि एअर इंडिया २०१४ मध्ये. त्यामुळे बँकॉकमार्गे यांगून असो की आदिस अबाबामार्गे दार-एस-सलाम, हे प्रवास संघटनेतील कोणत्याही एकाच कंपनीच्या खात्यात जमा करून घेता आले असते. मात्र माइल्स एकदा ज्या योजनेत पडले, तेथून ते उचलून दुसऱ्या कंपनीच्या योजनेत टाकता येत नाहीत. माझ्या तिन्ही खात्यांत माइल्स तीन वर्षांनी बाद होणारे होते. थोडे प्रवासाचे, थोडे क्रेडिट कार्डाचे पॉइंट वळवून घेतलेले, असे एका खात्यात ४३,०००, दुसऱ्यात ३१,००० आणि तिसऱ्यात २२,००० माइल्स होते. आम्हा दोघा नवरा-बायकोला वरच्या वर्गाने कोठे जाता येईल इतके मात्र कोठेच नव्हते.

त्यात नावाचा घोळ. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचे नाव येते आणि विमानाच्या तिकिटावर ती दोन्ही नावे मध्ये जागा न सोडता एकाला एक चिकटवून छापली जातात. मी खाते उघडताना केवळ माझे नाव आणि आडनाव भरले होते. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी माणसे. दार-एस-सलामच्या एका फेरीचे माइल्स याच कारणाने जमा झाले नव्हते आणि त्यासाठी कोणाशी बोलावे हे मला ठाऊक नव्हते.

माझे मूळ गाव अमळनेर तालुक्यातले आणि तो तरुण त्याच बाजूचा. तिकिटे काढून देण्याचे काम करतो म्हणून एकदा मिलमध्ये आला. ऑडिटरला दाखवण्यासाठी मी सर्व बोर्डिंग पास टेबलाच्या खणात रबर लावून ठेवतो. तो गठ्ठा त्याच्या नजरेस पडला. “नाना, हाई रद्दी नही शे, हाऊ पैसा शे,” तो अहिराणीत म्हणाला. परक्या शहरात धंदा करणाऱ्या माणसाला गावाकडच्या बोलीतले एक वाक्य किती लवकर मऊ करते, हे मला त्या वेळी कळले नाही.

त्याने पहिले काम अगदी खरे केले, आणि फुकट केले. खात्यावरील नाव पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून घेतले. न मिळालेले माइल्स प्रवासानंतर ठरावीक मुदतीत, साधारणपणे सहा महिन्यांच्या आत, अर्ज करून मागता येतात. त्यासाठी बोर्डिंग पास आणि तेरा आकडी तिकीट क्रमांक लागतो. माझा परतीचा पास हरवला होता, म्हणून त्याने केवळ जाण्याच्या प्रवासाचा अर्ज केला. मुंबई ते आदिस अबाबा सुमारे २,४०० मैल आणि तेथून दार-एस-सलाम सुमारे १,१०० मैल. तिकीट पूर्ण माइल्स देणाऱ्या वर्गातले असल्यामुळे तीन आठवड्यांत ३,५०० माइल्स जमा झाले. (स्वस्त वर्गाच्या तिकिटावर निम्मे, चतुर्थांश, कधी काहीच मिळत नाही, हेही मला त्यानेच सांगितले, आणि ते खरे आहे.) ‘दार-एस-सलाम म्हणजे ३,५००’ हा आकडा माझ्या डोक्यात तेव्हा बसला आणि पुढची सगळी फसवणूक या एका आकड्यावर उभी राहिली.

पुढच्या फेरीच्या आधी त्याने मला ‘दुप्पट’ समजावून सांगितली. विमानतळावरील फलकावर एकाच विमानाला कधी कधी दोन किंवा तीन क्रमांक लिहिलेले असतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. एका कंपनीच्या विमानातील जागा दुसरी कंपनी स्वतःच्या क्रमांकाने विकते, म्हणून तसे होते. त्याचे म्हणणे असे की क्रमांक दोन, म्हणजे कंपन्या दोन, म्हणजे खातीही दोन, आणि एकच प्रवास दोन्हीकडे जमा करून घेता येतो. फक्त त्याची ‘नोंदणी’ आधी करावी लागते. नोंदणीचे १५,००० रुपये मी यूपीआयने दिले. त्याने माझ्या नावाने आणखी दोन खाती उघडली. त्यांना जोडलेला ई-मेल आणि मोबाइल क्रमांक त्याचा स्वतःचा होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

मी दार-एस-सलामला जाऊन आलो आणि महिनाभराने त्याने मोबाइलवर दोन्ही खाती उघडून दाखवली. एकात ३,५००, दुसऱ्यातही ३,५००. माझा विश्वास बसला. खरा प्रकार असा होता की तिकिटातील प्रत्येक टप्पा वेगळ्या खात्यात जमा करता येतो. त्याने जाण्याचे टप्पे एका खात्यात टाकले होते आणि परतीचे दुसऱ्यात. जाऊन-येऊन मला एकाच खात्यात ७,००० मिळायलाच हवे होते. त्याने ते निम्मे-निम्मे वाटले आणि दुप्पट म्हणून मलाच दाखवले. तारखांकडे मी पाहिले नाही. एक क्विंटल तुरीची सत्तर-बहात्तर किलो डाळ निघते, बाकी चुनी आणि टरफल. ती डाळ एका पोत्यात भरा की दोन पोत्यांत, वजनकाट्यावर ती तेवढीच भरणार, हे ज्या माणसाने तीस वर्षे पाहिले आहे त्याला हा हिशेब कळू नये, याची लाज मला पैशांपेक्षा जास्त वाटते. एक टप्पा एकाच योजनेत आणि एकदाच जमा होतो. विमानाला क्रमांक दोन असोत की चार.

यानंतर त्याने जुन्या तीन खात्यांचे ‘विलीनीकरण’ सुचवले. सगळे माइल्स एका ठिकाणी आले की तुम्ही आणि काकू दिवाळीला वरच्या वर्गाने सिंगापूरला जाल, असे तो म्हणाला, कारण आमची मुलगी तेथे असते हे त्याला ठाऊक होते. त्याचे शुल्क २७,००० रुपये. तो हंगाम नव्या तुरीचा होता, मिल रात्रंदिवस चालू होती, आणि यंत्रांच्या आवाजात त्याचे फोन येत: “नाना, एक ओटीपी आला असेल.” मी चार वेळा ओटीपी सांगितला. बँकेचा ओटीपी कोणाला सांगू नये हे मी माझ्या कामगारांना बजावत असतो. पण विमानाच्या खात्यालाही ओटीपी असतो आणि त्यामागेही किल्लीच असते, हे माझ्या मनात आले नाही. त्या चार ओटीपींनी माझ्या तिन्ही खात्यांवरील मोबाइल क्रमांक आणि ई-मेल बदलले गेले. त्यानंतर मला एकही संदेश आला नाही, आणि ती शांतता मी काम सुरळीत चालले असल्याची खूण समजलो.

आठ महिन्यांनी, दसऱ्याच्या सुमारास, तिकिटांची चौकशी करावी म्हणून मी सर्वांत मोठे खाते उघडायला गेलो, तर पासवर्ड चालेना. त्याचा फोन बंद. शेवटी मुंबईचा ग्राहक सेवा क्रमांक शोधून काढला, जन्मतारीख आणि पासपोर्टची माहिती देऊन ओळख पटवली, तेव्हा पलीकडच्या बाईंनी सांगितले की खात्यात ४१२ माइल्स आहेत. मग त्यांनी विचारले, “आपल्या नामनिर्देशित व्यक्ती वाचून दाखवू का?” त्या योजनेत आपल्या माइल्सवर आपल्याशिवाय केवळ पाच जणांची तिकिटे काढता येतात आणि त्यांची नावे आधी नोंदवावी लागतात. त्यांनी पाच नावे वाचली. पाचही मला अनोळखी. माझी पत्नी त्यांत नव्हती, मुलगीही नव्हती.

ते पाच कोण, याचा उलगडा पंधरा दिवसांनी झाला. नाशिकच्या एका गृहस्थांचा मिलच्या कार्यालयात फोन आला आणि ते सुरुवातीपासूनच चढ्या आवाजात बोलत होते. त्यांनी बँकॉकची तीन तिकिटे एका एजंटाकडून जवळपास अर्ध्या किमतीत घेतली होती. ‘जळगावच्या मोठ्या डाळ मिलवाल्यांच्या कोट्यातील तिकिटे’ असे त्यांना सांगण्यात आले होते. मी तक्रार केल्यावर कंपनीने खाते गोठवले आणि न वापरलेली तिकिटे रद्द केली, आणि हे कुटुंब मुंबईच्या विमानतळावर काउंटरसमोर सामानासह उभे राहिले. त्यांच्या लेखी चोर मी होतो. त्यांचा राग उतरायला तासभर लागला. मग आम्ही दोघांनी आपापल्या यूपीआयच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि पैसे एकाच खात्यात गेल्याचे दिसले. आज त्यांचा जबाब माझ्या तक्रारीचा सर्वांत भक्कम भाग आहे.

खरा मनस्ताप याच्या पुढचा आहे. प्रत्येक विमान कंपनीच्या नियमांत माइल्स विकण्यास मनाई असते आणि विक्री आढळल्यास खाते बंद करून उरलेले माइल्स जप्त करण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते. माझ्या खात्यातून अनोळखी लोकांना तिकिटे गेली होती, ओटीपी माझ्याच मोबाइलवर आलेले होते. म्हणजे कागदोपत्री मी माइल्स विकणारा सभासद ठरत होतो. तसा मी नाही हे मला सिद्ध करावे लागले, आणि त्यासाठी पोलीस तक्रारीची प्रत, प्रतिज्ञापत्र व जुन्या क्रमांकाचा पुरावा द्यावा लागला. बोर्डिंग पासचा तो गठ्ठा मात्र या वेळी कामी आला.

१९३० या सायबर मदत क्रमांकावर मी कळवले ते आठ महिन्यांनी; पैसे पुढच्या खात्यांतून काढले जाण्यापूर्वी, पहिल्या काही तासांत कळवले तर ते रोखता येण्याची शक्यता असते, माझ्या बाबतीत ती वेळ केव्हाच गेली होती. लेखी तक्रारीत माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६क आणि ६६ड ही कलमे लागली: पहिले दुसऱ्याचा पासवर्ड वा ओळख वापरण्याबद्दल, दुसरे संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल. तक्रार लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी मला सरळ विचारले, “शेठ, चोरीला नेमके काय गेले?” प्रश्न रास्त होता. ४२,००० रुपयांच्या नोंदी दाखवता आल्या, पण माइल्सची किंमत किती लिहायची? अखेर त्या माइल्सवर निघालेल्या तिकिटांचे त्या दिवशीचे भाडे काढून जोडले.

आता माझ्या पद्धतीत जे बदलले ते सांगतो. आम्ही दोघांनी आपापले एकच खाते निवडले आहे आणि तिकीट काढतानाच तो सभासद क्रमांक त्यात घालतो. काउंटरवर पास हातात आला की क्रमांक छापला आहे की नाही ते तेथेच पाहतो. राहिलेल्या माइल्सचा अर्ज मी स्वतः करतो, त्याला दहा मिनिटे लागतात आणि शुल्क काही नसते. जुना पास फेकायचा तर फाडून फेकतो, कारण त्यावरील चौकोनी बारकोडमध्ये नाव, आरक्षणाचा क्रमांक आणि बऱ्याचदा सभासद क्रमांकही असतो. विमानतळावरून पासाचे छायाचित्र स्टेटसला ठेवणाऱ्या आमच्या भाच्यांना मी हे पुनःपुन्हा सांगतो आणि ते पुनःपुन्हा हसतात.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडील ज्या कोणी गेल्या दोन वर्षांत ‘दुप्पट’ किंवा ‘विलीनीकरण’ करून देणाऱ्या कोणाला आपले बोर्डिंग पास दिले असतील, त्यांनी आपले खाते आजच उघडून तीन गोष्टी पाहाव्यात: नोंदलेला मोबाइल क्रमांक, ई-मेल आणि नामनिर्देशित व्यक्तींची यादी. यादीत अनोळखी नाव असेल तर ते काढून टाकण्यापूर्वी पडद्याचे छायाचित्र घ्यावे. मी घाईने दुसऱ्या खात्यातील नावे आधी काढली आणि तो पुरावा गेला.

माझ्या तीन खात्यांपैकी सर्वांत लहान खात्याचे २२,००० माइल्स कंपनीने परत जमा केले. सर्वांत मोठे खाते कायमचे बंद झाले. तिसऱ्याबद्दल प्रतिज्ञापत्र पाठवून चार महिने झाले असून उत्तर अद्याप आलेले नाही.