चिरा तपासायला प्लेट की सुई?

खानापूरकडं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घर बांधणारा असो की अथणीच्या काळ्या मातीत वीजकेबल पुरणारा, दोघांनाही उष्णतावाहकतेचा, म्हणजे मालातून उष्णता किती सहज जाते त्याचा, आकडा लागतो. प्रयोगशाळेत तो काढायच्या दोन रीती मी पैसे मोजून अनुभवल्यात: गार्डेड हॉट प्लेट, म्हणजे सपाट नमुना तापत्या प्लेटला लावून मोजायची रीत, आणि थर्मल नीडल प्रोब, म्हणजे आमच्या बोलण्यातली सुई.

कागदोपत्री मान प्लेटचा. आयएस 3346 हे भारतीय मानक तिच्यासाठीच आहे. थर्माकोल, ग्लासवूल असला कोरडा, हलका माल असेल तर खुशाल तिच्याकडं जावं.

मला नडलं ते पाणी. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात चिऱ्याची भिंत महिनोन्‌महिने ओल धरून असते, तेव्हा मला ओल्या चिऱ्याचाच आकडा हवा होता. प्लेटवर तापमान स्थिरावेपर्यंत नमुना तासन्‌तास तापतो. तेवढ्यात आतलं पाणी गरम बाजू सोडून थंड बाजूला जाऊन बसतं. नमुना बाहेर काढला तर एक अंग खडखडीत, दुसऱ्यावर बोट टेकवलं तर ओलं! आकडा आला होता, पण तो नेमका कशाचा म्हणायचा? ‘ओव्हनमध्ये वाळवून आणा,’ असं सांगण्यात आलं. पण चिरा म्हणजे बराचसा भोकांचा कारभार. हवेची वाहकता साधारण 0.026, पाण्याची 0.6 वॉट प्रति मीटर केल्विन; वीस पटींहून जास्त फरक. वाळवला तर माझा प्रश्नच वाळून गेला की. शिवाय सपाट करताना चिऱ्याचे दोन कोपरे गळाले, ते वेगळंच.

सुईचं काम मिनिटांत होतं. तिच्यातली तार थोडीशी तापवायची, तापमान कसं चढतं ते बघायचं. वेळेच्या लॉगरिदमवर मांडलेल्या रेषेच्या चढावरून वाहकता निघते. एवढ्या वेळात पाण्याला सरकायला फारशी सवड मिळत नाही. केबलवाल्यांना तर मातीचा तोच नमुना टप्प्याटप्प्यानं वाळवत पुन्हा पुन्हा मोजता येतो, आणि माती सुकल्यावर केबल किती तापेल याचा अंदाज त्यावरूनच बांधतात.

सुईही काही निर्दोष नाही. चिऱ्यात आधी भोक पाडावं लागतं, ग्रीस भरावं लागतं. सुई नेमकी पोकळीत गेली तर आकडा भलताच. मी पाच ठिकाणी मोजून घेतलं, पाचही वेगळे आले, पण निदान ओल्या चिऱ्याचे होते. काळी माती वाळताना आकसते आणि सुईभोवती फट पडते, तिथं जपून.

तुमचा माल वेगळा असेल तर निकालही वेगळा लागेल कदाचित. कुठंही गेलात तरी नमुना प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून द्या, आणि चाचणीआधी नि नंतर वजन करतात का, ते विचारा. माझ्या प्लेटच्या अहवालात नंतरच्या वजनाचा रकानाच नव्हता.