कोपऱ्यात कोण उभे राहणार? : ‘द फायटर’

मुष्टियुद्धावरच्या चित्रपटात शेवटच्या फेरीचा निकाल काय लागणार, हे प्रेक्षकाला बहुधा मध्यंतरापूर्वीच कळलेले असते. त्यामुळे अशा चित्रपटाची कसोटी लागते ती रिंगच्या दोरांबाहेर. डेव्हिड ओ. रसेल यांनी दिग्दर्शित केलेला ‘द फायटर’ (२०१०) या कसोटीला पुरेपूर उतरतो. दोन फेऱ्यांमधल्या त्या एका मिनिटात मिकी वॉर्डच्या कोपऱ्यात स्टूल आणि पाण्याची बाटली घेऊन कोण उभे राहणार, या एकाच प्रश्नावर सारा चित्रपट तोललेला आहे.

कथा खरी आहे. मॅसॅच्युसेट्समधले लोवेल हे एके काळी कापडगिरण्यांवर पोसलेले गाव. तिथे रस्त्यांवर डांबर टाकण्याचे काम करणारा मिकी (मार्क वॉलबर्ग) मुष्टियुद्धात जम बसवू पाहतो आहे. त्याचा प्रशिक्षक म्हणजे सावत्र भाऊ डिकी एकलंड (ख्रिश्चन बेल), जो १९७८ साली विख्यात मुष्टियोद्धा शुगर रे लेनर्डशी लढला आणि हरूनही त्या लढतीच्या पुण्याईवर गावात अजून मिरवतो. लेनर्ड त्या लढतीत खाली पडला तो ठोशाने की पाय घसरून, हा वाद डिकीच्या दृष्टीने कधीच निकालात निघालेला आहे. मधल्या काळात तो क्रॅक या कोकेनच्या व्यसनात बुडाला आहे. मिकीची व्यवस्थापक आहे दोघांची आई अ‍ॅलिस, आणि तिच्या पाठीशी सात मुलींची फौज.

अ‍ॅलिस थोरल्याला शोधत व्यसनी मंडळींच्या अड्ड्यावर येऊन दार ठोठावते, तेव्हा तो मागच्या खिडकीतून उडी टाकून खालच्या कचऱ्यात पडतो. हा प्रसंग पाहताना हसू येते. मग गाडीत ती हुंदके देत असताना डिकी एक जुने गाणे हळू आवाजात म्हणू लागतो, आणि रागाने थरथरणारी ती बाई बघता बघता त्याच्या सुरात सूर मिसळते. मेलिसा लिओने त्या अर्ध्या मिनिटात जे दाखवले आहे, त्यानंतर धाकट्याच्या वाट्याला नेहमी उरलेसुरले का येते, हे वेगळे सांगावे लागत नाही. लाडका मुलगा वाया गेला तरी लाडकाच राहतो, हे आपल्याकडच्या घरांनाही चांगले ठाऊक आहे.

दूरचित्रवाणीवाले आपल्या पुनरागमनावर माहितीपट करत आहेत, असे डिकी सर्वांना सांगत असतो. प्रत्यक्षात तो त्याच्या व्यसनावरचा असतो. तुरुंगातल्या सामायिक खोलीत तो दाखवला जातो तेव्हा डिकी नटासारखा टाळ्या घेत आत येतो, आणि मग पडद्यावरच्या स्वतःकडे पाहता पाहता त्याच्या चेहऱ्यावरचे हसू उतरत जाते. बेलने या भूमिकेसाठी वजन बरेच उतरवले, त्याची चर्चा खूप झाली. मला मात्र त्याची न थांबणारी बडबड आणि या प्रसंगातले गप्प होणे अधिक मोलाचे वाटते. लिओ आणि बेल या दोघांनाही साहाय्यक भूमिकांसाठी ऑस्कर मिळाले, ते रास्तच होते. वॉलबर्गच्या वाट्याला मात्र फारसे कौतुक आले नाही. सगळे घर एकाच वेळी बोलत असताना ऐकून घेणारा माणूस साकारणे सोपे नव्हे. मद्यालयात काम करणारी त्याची प्रेयसी शार्लीन (एमी अ‍ॅडम्स) त्याला या भाऊबंदकीतून बाहेर ओढते, पण तिलाही कोपऱ्यावर हक्क हवाच असतो. प्रशिक्षक मिकी ओकीफ यांची भूमिका लोवेल पोलिसातल्या खऱ्या ओकीफ यांनीच केली आहे आणि ते कुठेही नवखे वाटत नाहीत.

लढती मुद्दाम त्या काळच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणासारख्या चित्रित केल्या आहेत, त्यामुळे त्या जराशा पुसट आणि म्हणूनच खऱ्या वाटतात. यकृतावर बसणारा मिकीचा डावा ठोसा काय करतो, हे अल्फोन्सो सांचेझविरुद्धच्या लढतीत नीट कळते. उणिवा आहेत. सातही बहिणी एकाच साच्यातून काढल्यासारख्या असून त्यांच्यावर हशा पिकवण्यापलीकडे पटकथेला त्यांच्यात रस नाही. काळाचीही फार ओढाताण झाली आहे: सांचेझची लढत १९९७ ची आणि लंडनमधली शे नीरीविरुद्धची २००० ची, पण पडद्यावर त्या एकामागोमाग येऊन उभ्या राहतात. शिवीगाळ आणि व्यसनाची दृश्ये भरपूर असल्याने लहान मुलांना सोबत घेऊन बसण्यासारखा हा चित्रपट नाही.

आर्तुरो गाटीविरुद्धच्या ज्या तीन लढतींमुळे वॉर्डचे नाव जगभर झाले, त्या इथे नाहीत. सुरुवातीला दोघे भाऊ ज्या सोफ्यावर बसून माहितीपटाच्या कॅमेऱ्याशी बोलतात, त्याच सोफ्यावर चित्रपट त्याआधीच येऊन थांबतो. आतापर्यंत कॅमेरा सोडायला तयार नसलेला डिकी लोवेलचा अभिमान म्हणून धाकट्याकडे बोट दाखवतो आणि उठून निघून जातो. मिकी एकटाच बसून राहतो, आणि आता काय बोलावे हे त्याला सुचत नाही.