कायदा की सहवास?

पूर्वग्रह कशाने ओसरतो? इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी चोरी झाली की संशय आजही आधी पारध्यांच्या पालावर जातो.

सहवासाने पूर्वग्रह कमी व्हायचा तर काय लागतं, याच्या अटी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये सांगितल्या: बरोबरीचा दर्जा, समान ध्येय, सहकार्य, वरिष्ठांचं पाठबळ. रावेरकडच्या केळीबागेत पावरा आदिवासी मजूर आणि मालक रोज भेटतात. पण घड मजुराच्या खांद्यावर, हिशेब मालकाच्या वहीत, चहाचा कप वेगळा. याला सहवास कसं म्हणायचं? शहाद्याकडे भिल्ल आणि गुजर पोरं शाळेच्या एकाच कबड्डी संघात उतरली, तर अटी जुळतात. माझा कौल त्यालाच. जातीवरून शिवीगाळ झाली तर मात्र १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदाच हवा.