वर्षभराहून जास्त वापरानंतर: आमच्या एलएलसीचं ऑपरेटिंग ॲग्रीमेंट

न्यू जर्सीत आम्ही तिघांनी मिळून फराळ आणि पुरणपोळ्यांचा छोटा व्यवसाय सुरू केला. मी, माझी मैत्रीण आणि तिचा दीर. भाड्याचं कमर्शियल किचन आहे. गणपती-दिवाळीला ऑर्डरींचा पूर येतो, एरवी आजूबाजूच्या इंडियन ग्रोसरीवाल्यांना माल जातो. एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, नोंदवतानाच वकिलाकडून ऑपरेटिंग ॲग्रीमेंट, म्हणजे सभासदांमधला आपसातला करार, करून घेतलं. आता ते पुरेसं वापरून झालंय, म्हणून लिहितेय. आपल्या लोकांत हा कागद सगळ्यात शेवटी होतो, नाहीतर होतच नाही. ‘घरच्या माणसांत कागद कशाला?’ हे तर मी इतक्या जणांकडून ऐकलंय.

आधी मुळात काय आहे ते. न्यू जर्सीत एलएलसी काढायला 125 डॉलर भरून राज्याकडे एक प्रमाणपत्र दाखल करायचं आणि पुढे दरवर्षी 75 डॉलर भरून वार्षिक अहवाल द्यायचा. त्या प्रमाणपत्रात कंपनीचं नाव, पत्ता, नोंदणीकृत एजंट (कंपनीच्या नावाने येणारे कोर्टाचे-सरकारी कागद घेणारा) वगैरे असतं. पैसे कोणी किती घातले, नफा कसा वाटायचा, सही कोणाची चालेल, कोणी बाहेर पडला तर काय, यातलं काही राज्य विचारत नाही. ते सगळं ऑपरेटिंग ॲग्रीमेंटमध्ये असतं. तिथे ते नसेल, तर राज्याचा कायदा आपल्या वतीने ठरवून मोकळा होतो.

आणि तो काय ठरवतो ते बघा. मी 30,000 डॉलर घातले, मैत्रिणीने 10,000, तिच्या दिराने 20,000. काम मैत्रीण पूर्णवेळ करते, मी नोकरी सांभाळून, दीर अजिबात नाही. करार नसता, तर न्यू जर्सीच्या सध्याच्या कायद्याप्रमाणे वाटप डोक्यागणिक समान. कोणी किती घातले, कोणाचे हात तळणीत भाजले, याचा हिशेबच नाही. आम्ही मैत्रिणीला 45 टक्के, मला 35 आणि दिराला 20 असं ठरवलं. त्याआधी सगळ्यांचं भांडवल परत, मग नफा. हे एका बैठकीत ठरलं, पण ठरलं ते वकिलाने विचारलं म्हणून. आपण होऊन हा विषय कोणी काढलाच नसता.

दिराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. तो एच-वन-बीवर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर आहे. त्या व्हिसावर कंपनीत पैसे गुंतवता येतात, पण स्पॉन्सर करणाऱ्या मालकाव्यतिरिक्त दुसरीकडे काम करता येत नाही, मग ती कंपनी स्वतःची का असेना. म्हणून कंपनी मॅनेजर-मॅनेज्ड ठेवली, म्हणजे कारभार सगळ्या सभासदांनी नाही, नेमलेल्या मॅनेजरांनीच बघायचा. मॅनेजर आम्ही दोघी. दीर फक्त गुंतवणूकदार. ऑर्डर घेणं, किचनमध्ये उभं राहणं, बँकेत सही करणं यातलं काहीही त्याच्याकडे नाही, असं स्पष्ट लिहिलंय. इमिग्रेशनच्या वकिलाला वेगळं विचारलं, तेही तुम्ही विचाराच. आपल्याकडे नवरा एच-वनवर आणि बायको एच-फोर ईएडीवर (जोडीदाराच्या व्हिसावर मिळणारा कामाचा परवाना) अशा जोड्या खूप. त्यांनी हे कलम नीट करून घ्यावं, असं मला फार मनापासून वाटतं.

रोजच्या वापरात सगळ्यात उपयोगी पडलं ते खर्चाच्या मर्यादेचं कलम. 2,500 डॉलरच्या वरच्या खरेदीला दोन्ही मॅनेजरांची लेखी संमती लागते. एकदा एक बेकरी बंद होत होती आणि त्यांचा मोठा मिक्सर 4,200 ला मिळत होता. मैत्रिणीने दुपारी फोटो पाठवला आणि फोन केला, “अगं, पुरणपोळीची कणीक मळून माझे खांदे गेलेत. संध्याकाळपर्यंत हो म्हणायचंय त्याला.” तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. पण पुढच्याच महिन्यात किचनच्या भाडेकराराचं नूतनीकरण होतं आणि डिपॉझिट वाढणार होतं. मी ईमेलवर ‘नाही’ असं कळवलं, त्याचं कारणही लिहिलं, आणि दिवाळीच्या हंगामापुरता मिक्सर भाड्याने घेऊ असं सुचवलं. ती चिडली. पण ‘तू कोण मला थांबवणारी?’ हा प्रश्न आलाच नाही, कारण तिनेच सही केलेल्या कागदावर तो सुटलेला होता. भाड्याचा मिक्सर दसऱ्याच्या आधी आला.

दुसरं कलम करापुरत्या वाटपाचं. छोट्या व्यावसायिकांना याची कल्पनाच नसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दोन किंवा जास्त सभासदांची एलएलसी आयआरएसच्या (अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याच्या) दृष्टीने भागीदारी धरली जाते, वेगळा पर्याय निवडला नसेल तर. कंपनी 15 मार्चपर्यंत फॉर्म 1065 (भागीदारीचं कर विवरणपत्र) भरते आणि प्रत्येकाला के-वन नावाचा कागद देते. त्यावर तुमच्या वाट्याचा नफा असतो आणि कर तुम्ही स्वतःच्या खिशातून भरायचा, मग तो नफा तुमच्या हातात आलेला असो वा नसो. आमचा कागदावरचा नफा 40,000 आला, पण रोकड गेली कर्जाचं मुद्दल फेडण्यात आणि वाढीव डिपॉझिटमध्ये. हे दोन्ही खर्चात धरता येत नाही. दिराच्या के-वनवर 8,000 आले आणि एरवी हातात शून्य आलं असतं. करारात कलम होतं की दर तिमाही आगाऊ कराच्या तारखांआधी कंपनीने प्रत्येकाला त्याच्या वाट्याच्या 35 टक्के रक्कम द्यायची, म्हणजे त्याला 2,800. आमच्या सीपीएने (परवानाधारक लेखापालाने) तो आकडा आधीपासून बाजूला ठेवायला लावला होता, म्हणून मार्चमध्ये कोणाचं तोंड वाकडं झालं नाही. इंटरनेटवरच्या फुकट नमुन्यांत मी नंतर मुद्दाम पाहिलं. बऱ्याच ठिकाणी ‘वाटप मॅनेजर ठरवतील तेव्हा’ एवढंच होतं. पैसे गुंतवून लांब बसलेल्या माणसासाठी ही ओळ फार धोक्याची आहे.

खरी परीक्षा झाली ती दिराची नोकरी टेक्सासला गेली तेव्हा. घर घ्यायचं होतं, त्याला पैसे हवे होते. बाहेर पडण्याचं कलम होतं. आधी उरलेल्या सभासदांना विकायचं, पैसे आठ तिमाही हप्त्यांत, ठरलेल्या व्याजाने. इथवर उत्तम. पण किंमत कशी काढायची? तिथे ‘वाजवी बाजारभाव, दोन्ही बाजूंना मान्य मूल्यांकनकाराकडून’ एवढंच लिहिलेलं. आमच्या आकाराच्या धंद्याचं मूल्यांकन करून घ्यायचं तर त्याची फीच दिराच्या वाट्याचा चांगला लचका तोडणार. करारातली ही सगळ्यात कच्ची जागा. शेवटी त्याचं भांडवल, न वाटलेल्या नफ्यातला हिस्सा आणि वर एक ठरावीक रक्कम यावर तडजोड झाली. नंतर आम्ही दुरुस्ती करून घेतली. आता दर जानेवारीत कंपनीची किंमत एका पानावर लिहून सगळे सही करतात, आणि वर्षभर कोणी बाहेर पडलं तर तोच आकडा.

किचनच्या भाडेकरारावर मात्र दिराची वैयक्तिक हमी होती आणि घरमालक ती सोडेना. इथे आमच्या वकिलाची तयारी दिसली. डेलावेअरमध्ये 2004 साली हेली विरुद्ध टॅलकॉट नावाचा खटला झाला. दोन समान भागीदार, एका रेस्टॉरंटची जमीन त्यांच्या एलएलसीच्या नावावर. करारात बाहेर पडायची वाट होती, पण त्या वाटेने गेलं तरी कर्जावरची वैयक्तिक हमी अंगावर राहत होती. म्हणून कोर्टाने ती वाट पुरेशी मानली नाही आणि कंपनीच विसर्जित करायला सांगितली. हे ध्यानात ठेवून वकिलाने आमच्या करारात घातलं होतं की बाहेर पडणाऱ्याची हमी सोडवायचा प्रयत्न कंपनीने करायचा, आणि सुटली नाही तर त्यापोटी होणारं सगळं नुकसान कंपनी आणि उरलेले सभासद भरून देतील. दीर त्या ओळीच्या भरवशावर शांतपणे टेक्सासला गेला.

कोणाला वाटेल, नाही पटलं तर दोघं मिळून तिसऱ्याला काढून टाकू. तेही करारात नसेल तर अवघड. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा आय.ई. टेस्टचा निकाल आहे. तीन सभासद, लेखी करार नाही, एकाच्या जुन्या थकलेल्या पैशांची भरपाई कशी करायची यावर बिनसलेलं. खालच्या दोन्ही कोर्टांनी त्याला काढायला परवानगी दिली, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. मतभेद आहेत एवढं कारण पुरत नाही, त्या माणसासोबत धंदा चालवणं व्यवहारात अशक्यच आहे हे दाखवावं लागतं. इतकी वर्षं कोर्टात घालवण्यापेक्षा एक पान आधी लिहिलेलं बरं.

एकट्याची एलएलसी असली तरी करार हवाच, असं माझं मत आहे. आमच्या बँकेने खातं उघडतानाच तो मागितला होता. शिवाय तुम्ही आजारी पडलात तर सही कोण करणार? तुमच्या पश्चात मॅनेजर कोण? हे एका परिच्छेदात मावतं. हडसन नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये तर नोंदणीपासून 90 दिवसांत लेखी करार करावा असं कायदाच सांगतो. आणि डेलावेअरला नोंदणी करायचा सल्ला कोणी दिला, तरी धंदा न्यू जर्सीत असेल तर इथेही परकी (म्हणजे दुसऱ्या राज्यातली) कंपनी म्हणून नोंदवावं लागतं, म्हणजे दोन्हीकडे पैसे.

खर्च म्हणाल तर आम्हाला वकिलाची ठरीव फी 1,800 डॉलर पडली, दुरुस्तीचे वेगळे. मला ते महाग वाटत नाही. फक्त वकिलाकडे जाण्याआधी आपसात बसून पैसे, वेळ, सही, कर, बाहेर पडणं आणि हमी या सहा गोष्टींवर काय वाटतं ते प्रत्येकाने स्वतंत्र लिहून काढा. आमची उत्तरं दोन ठिकाणी इतकी वेगळी निघाली की त्यावरच सगळ्यात जास्त वेळ गेला.

शेवटचं एक कलम, जे नक्की मागून घ्या. न्यू जर्सीत ऑपरेटिंग ॲग्रीमेंट तोंडी असू शकतं, वागण्यातूनही मानलं जाऊ शकतं. म्हणजे व्हॉट्सॲपवर रात्री अकराला लिहिलेलं ‘चालेल’ उद्या कोणी करार म्हणून पुढे करू शकतो. आमच्या करारात बदल फक्त सगळ्यांच्या सहीने, लेखी. दिराच्या जागी आता मैत्रिणीची एक मावसबहीण येतेय. तिलाही आधी कराराची प्रत दिलीय, आणि पैसे ती सही झाल्यावरच घालणार आहे.