डोंबिवली की बदलापूर? घरात लहान मूल असेल तर

घरात मूल आलं की मुंबईत भाड्याने राहणारी जोडपी मध्य रेल्वेच्या कडेने घर शोधायला निघतात आणि बजेट आवळत गेलं की बऱ्याचदा दोनच नावं उरतात. मी डोंबिवलीत वाढले, लग्नानंतर सहा वर्षं बदलापूरला राहिले आणि मुलगी पहिलीत जायच्या आधी पुन्हा डोंबिवलीला आले. तेव्हा माझं माप कुठे झुकतं ते आधीच सांगितलेलं बरं.

जागेच्या बाबतीत बदलापूर सरळ पुढे आहे. डोंबिवलीत वन बीएचकेला जेवढे पैसे मोजाल, तेवढ्यात तिथे टू बीएचके बसतो. आमच्या बाल्कनीतून चंदेरीचा सुळका दिसायचा. पावसाळ्यात डोंगरावरून पांढऱ्या धारा उतरायच्या, सुट्टीच्या दिवशी कोंडेश्वरला जाऊन यायचो आणि जूनच्या तोंडाशी गावातल्या बायका टोपल्यांतून जांभळं विकायला बसायच्या. मुलीला सायकल शिकवायला रिकामा रस्ता होता. डोंबिवलीत तो मला अजून सापडलेला नाही. स्टेशनजवळ तर रिक्षा, फेरीवाले आणि माणसं यांतून मुलाचा हात घट्ट धरूनच चालावं लागतं.

आता लोकल. सीएसएमटीपासून डोंबिवली साधारण ४८ किलोमीटर, बदलापूर ६८. फरक वीस किलोमीटरचाच वाटतो, पण कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेला वर्षानुवर्षं येण्याजाण्याचे दोनच रूळ. त्यांवरूनच लोकल, मेल आणि मालगाड्या. एक गाडी रखडली की मागच्या सगळ्या रखडतात. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम झालं की हे बरंच सुधारेल. सकाळी बदलापूरहून सुटणारी लोकल धरली की बसायला मिळतं, हे सुख डोंबिवलीकरांना माहीत नाही. तिथे फास्टला दारात पाऊल टेकलं तरी पुष्कळ. खरा प्रश्न संध्याकाळचा. डोंबिवलीची एक गाडी चुकली तर मागून दुसरी येते. बदलापूरची चुकली की खोळंबा. मी घरी पोचेपर्यंत मुलगी झोपलेली असायची. ओट्यावर तिचा डबा उघडून बघायचे, भेंडीची भाजी तशीच. का खाल्ली नाहीस, हे विचारायला ती जागी नसायची. परत येण्याचं कारण तो डबा आहे.

डोंबिवलीत मुलांना शाळेबाहेर जे मिळतं, त्याची किंमत दलालाच्या कागदावर लिहिलेली नसते. वाचनालयं, गाण्याचे आणि तबल्याचे क्लास, सावित्रीबाई फुले नाट्यमंदिरातली बालनाट्यं, बहुतेक घरापासून रिक्षाच्या अंतरात. गुढीपाडव्याची शोभायात्रा १९९९ साली इथेच सुरू झाली. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर अख्खं गाव नटून येतं. माझी मुलगी आता त्या गर्दीत मैत्रिणी शोधते. बदलापुरातही क्लास आहेत, कार्यक्रम होतात आणि वाढतायत, पण निवड कमी पडते.

धोके दोन्हीकडे आहेत आणि ते घर दाखवणारा सांगणार नाही. डोंबिवलीत एमआयडीसी आहे. २०१६ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात तिथल्या कारखान्यांत भीषण स्फोट झाले, माणसं गेली, दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. एमआयडीसीलगत घर मी लहान मूल घेऊन घेणार नाही, कितीही स्वस्त मिळालं तरी. बदलापुरात उल्हास नदी आहे. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. नदीकडच्या बाजूला घर बघत असाल तर पूररेषेचा नकाशा मागाच.

दोघांनाही दादरच्या पुढे रोज जायचं असेल तर डोंबिवलीत लहान घर घ्या, पण एमआयडीसीपासून लांब. एकाचं काम घरून असेल, नोकरी कल्याण-अंबरनाथकडे असेल किंवा आजीआजोबा सोबत राहणार असतील तर बदलापूर बिनधास्त घ्या; मोठं घर आणि मोकळी हवा खरोखर सगळ्यांच्या वाट्याला येईल.

फक्त घर बघायला रविवारी जाऊ नका. मंगळवारी-बुधवारी ऑफिस सुटल्यावर दादरहून गाडी धरा, इमारतीच्या दारात पोचल्यावर घड्याळ बघा आणि वॉचमनकाकांना विचारा, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं.