२१ गिअरची हायब्रिड, एक पावसाळा काढून झाल्यावर

मागच्या ऑक्टोबरात घेतली, आता एक अख्खा पावसाळा बघितलाय तिने, म्हणून आत्ता लिहितोय, पहिल्या आठवड्यात काय सगळ्याच सायकली झकास वाटतात. हायब्रिड आहे, म्हणजे रोड नि माउंटन सायकलच्या मधली, अलॉय फ्रेम, गिअर पुढे तीन मागे सात, ७०० बाय ३८ चे टायर, केबलवाले डिस्क ब्रेक, १८,५०० ला पडली. ब्रँडचं नाव घेत नाही कारण या किमतीत स्टिकर सोडला तर सगळ्यांचा माल जवळपास सारखाच असतो.

राहतो रायबंदरला, ऑफिस पणजीत. मधे तो जुना कॉजवे, म्हणजे बांधावरचा रस्ता, पोर्तुगीजांनी १६३३-३४ मधे बांधलेला, तीनेक किलोमीटर सपाट, एका हाताला मांडवी नि दुसऱ्या हाताला मिठागरं. स्कूटरपेक्षा सात-आठ मिनिटं जास्त लागतात, पण १८ जून रस्त्यावर पार्किंगसाठी जी प्रदक्षिणा घालायचो ती वाचली, म्हणजे हिशेब फिटला. आणि एक गंमत सायकलवर बसल्यावरच कळली, स्कूटरवर पाच वर्षांत कधी लक्षात आली नव्हती. पावसाळा सोडला तर सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि दुपारनंतर समुद्राकडून आत, त्यामुळे रायबंदरहून जाताना पण वारा पाठीवर नि येताना पण पाठीवर!! जूनमधे मात्र हिशेब चुकता होतो, सकाळी सकाळी पश्चिमेचा वारा पाऊस घेऊन थेट तोंडावर.

आता खरी तक्रार. दुकानवाल्याने गिअरचं इतकं कौतुक सांगितलं आणि सायकल हातात दिली ती अगदी उघडी, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, बेल सुद्धा नाही. गोव्यात? जिथे ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो तिथे? पहिल्याच सरीत ऑफिसला पोचलो तर शर्टाच्या पाठीवर खालपासून कॉलरपर्यंत चिखलाची सरळ रेघ. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, पुढचा-मागचा लाइट धरून वरचे अडीच हजार गेले, ते किमतीतच धरून चला.

गंज हा दुसरा विषय. अलॉय फ्रेमला काही होत नाही, पण चेन नि बोल्ट शेवटी लोखंडाचेच, त्यात खारा वारा. जूनमधे चार दिवस गावाला गेलो तर परत येईपर्यंत चेन नारिंगी. आता पावसात भिजून आलं की साध्या पाण्याने धुतो, फडक्याने कोरडी करतो आणि वेट ल्यूबचा (पावसात टिकणारं चेनचं तेल) थेंब थेंब सोडतो, पाच मिनिटांचं काम. ड्राय ल्यूब आपल्याकडे पावसाळ्यात वाहून जातं, पैसे घालवू नका. डिस्क ब्रेक ओले झाले की किंचाळतात, पण धरतात चांगले, त्याबद्दल तक्रार नाही.

गिअर लागतात का? कॉजवेवर पुढचा मधला नि मागचा चौथा-पाचवा, बस्स, बाकीचे शोभेला. रविवारी मात्र लागतात. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीत सायकल चढवायची (रॅम्पवर शेवाळ असतं, उतरून ढकलत न्या, मी आपटलोय), दिवाडी बेटावर उतरलं की दोन्हीकडे खाजण शेतं (खाडीकाठची, बांध घातलेली) नि बगळे, गाड्या मोजून चार. पिएदादच्या टेकडीवरच्या चर्चला जाताना पुढचा सगळ्यात लहान गिअर टाकावाच लागला. पलीकडच्या टोकाहून दुसरी फेरी घेतली की नार्वे, तिथे सप्तकोटेश्वर, ज्याचं मूळ देऊळ दिवाडीवरच होतं, पोर्तुगीजांनी पाडल्यावर देव नदीपलीकडे गेला आणि १६६८ मधे शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. देव ज्या बाजूने गेला त्याच बाजूने आपण सायकलवर जातोय हे डोक्यात आलं आणि उगाचच जरा सावकाश पेडल मारायला लागलो. गाडीने इतक्या वेळा गेलोय, असलं काही सुचलं नव्हतं.

शेजारचे काका अजून विचारतात, "काय रे, स्कूटर विकलीस काय?" त्यांना काय सांगायचं, आमच्या वाड्यावरचा पोदेर, म्हणजे पाववाला, रोज पहाटे बिनगिअरच्या सायकलवर पावाची भली मोठी टोपली घेऊन फिरतो, पावसात प्लॅस्टिक पांघरून, त्याच्या सायकलला जाडजूड कॅरिअर आहे, मडगार्ड आहे, म्हणजे कंपनीला जे सुचलं नाही ते त्याच्याकडे आधीपासून. त्याचं बघूनच मी बेलच्या जागी रबरी फुग्याचा पों पों हॉर्न बसवला. जोरात वाजतो, लोक बाजूला होतात. एकच अडचण, सकाळी लवकर निघालो की दोन घरातल्या बायका पिशवी घेऊन दारात येतात.